पणजीच्या आयुष्याचं श्रेय कुणाला?

मराठी वर्तमानपत्रांतल्या निधनवार्तेचा साचा वर्षानुवर्षं तोच आहे. नाव, गाव, वय, 'वृद्धापकाळाने निधन झाले', 'त्यांच्या पश्चात मुले, मुली, सुना, जावई, नातवंडे, पणतवंडे असा मोठा परिवार आहे', आणि गेलेली व्यक्ती बाई असेल तर बहुधा एक वाक्य आणखी: त्या कष्टाळू, धार्मिक व मनमिळाऊ होत्या. दहा-बारा ओळींत एक आयुष्य बसवायचं तर वेगळं काय लिहिणार, हे मान्य. पण कष्ट आणि पणतवंडं अशी शेजारी शेजारी छापली गेली की वाचणाऱ्याच्या मनात त्यांची आपोआप सांगड बसते. बाईंनी घरासाठी हाडांची काडं केली, मुलाबाळांवर जीव टाकला, म्हणून देवाने नव्वद वर्षं दिली आणि चौथी पिढी दाखवली. दहाव्याला जमलेली मंडळी हेच मोठ्याने बोलतात आणि त्याला पुण्याई म्हणतात. माझ्या मते ही सांगड उलटी आहे. आज आपल्या घराघरांत ज्या पणज्या दिसतात, त्या त्यागामुळे जगलेल्या नाहीत. त्याग करावा लागूनही त्या जगल्या. त्या जगण्याचं श्रेय कुणाला जातं हे नीट पाहिलं, तर त्यांच्याविषयीचा आदर कमी होत नाही, मात्र आपण त्यांचं काय देणं लागतो याचा हिशेब बराच बदलतो.

आधी साधं गणित. पणजी व्हायला फार म्हातारं व्हावं लागत नाही. आईला, मग तिच्या मुलीला, मग नातीला अठराव्या वर्षी पहिलं मूल झालं, तर ती आई चोपन्नाव्या वर्षीच पणजी होते. मुलाकडून मोजलं तर वयात आणखी काही वर्षांची भर घाला, कारण नवरा बायकोपेक्षा मोठा असायचा. म्हणजे जिथे आठव्या-दहाव्या वर्षी लग्नं आणि पंधराव्या वर्षी बाळंतपणं होत होती, त्या शंभर-दीडशे वर्षांपूर्वीच्या महाराष्ट्रात पन्नाशीच्या आतबाहेरच्या पणज्या वाड्यावाड्यांत असायला हव्या होत्या. तशा त्या नव्हत्या, आणि याचा पुरावा आपल्या रीतिरिवाजांतच आहे. पणतू झाला की पणजोबा-पणजीवर सोन्याची फुलं उधळायची, पणतवाचं तोंड पाहिलेल्याला सोन्याच्या शिडीने स्वर्गात जाता येतं असं मानायचं, आणि एक हजार पौर्णिमा पाहिलेल्याचं, म्हणजे साधारण एक्याऐंशीव्या वर्षी, सहस्रचंद्रदर्शन करायचं. घरोघरी घडणाऱ्या गोष्टीवर कुणी सोनं उधळत नाही. ज्या समाजाने पणतवंडासाठी स्वर्गाची शिडी राखून ठेवली, त्या समाजात पणतवंड दिसणं किती दुर्मीळ होतं, हे त्या शिडीवरूनच ताडता येतं.

१९०१ ते १९११ या दशकात भारतीयांचं जन्मावेळचं सरासरी आयुर्मान जेमतेम २३ वर्षं होतं. १९५१ च्या सुमारास ते ३२ पर्यंत आलं. हे आकडे ऐकून त्या काळी माणसं तिशीतच म्हातारी होत होती असा समज करून घेतला जातो, तो चुकीचा आहे. सरासरी खाली ओढायची ती बालमृत्यूंनी. लहानपण, तरुणपण आणि बाळंतपणं यांतून तगून साठीला पोचलेली बाई त्याही काळात पुढे कित्येक वर्षं जगू शकत असे. त्यामुळे म्हाताऱ्या बायका तेव्हाही होत्या. प्रश्न साखळीचा होता. पणजी होण्यासाठी बाईने स्वतः जगून भागत नाही. तिचं मूल मोठं होऊन त्याला मूल व्हावं लागतं, आणि तेही मोठं होऊन त्याला मूल व्हावं लागतं. यातली एक कडी तुटली की संपलं, आणि त्या काळात कड्या फार तुटत.

अहिल्याबाई होळकरांचं आयुष्य या दृष्टीने पाहण्यासारखं आहे. १७२५ मध्ये चौंडीला जन्म, १७९५ मध्ये मृत्यू, म्हणजे सत्तर वर्षं, त्या काळाच्या मानाने चांगलंच दीर्घ आयुष्य. पण या सत्तर वर्षांत त्यांनी काय पाहिलं? १७५४ मध्ये नवरा खंडेराव कुंभेरीच्या वेढ्यात गेला. १७६६ मध्ये सासरे मल्हारराव आणि पुढच्याच वर्षी एकुलता एक मुलगा मालेराव गेला. मुलगी मुक्ताबाई उरली, तिचा मुलगाही तरुणपणी गेला. पुढे १७९१ मध्ये जावई गेला आणि मुक्ताबाई सती गेली. घाट बांधणाऱ्या, बारव खोदणाऱ्या, हातात राज्य असलेल्या बाईची ही अवस्था. मायेत उणीव होती असं कोण म्हणेल? जुन्या काळात दीर्घायुष्य पदरात पडलंच, तर त्यातला मोठा भाग आपल्याच माणसांना पोचवण्यात जात असे. एकोणिसाव्या शतकातलं उलट टोक पाहायचं तर डॉ. आनंदीबाई जोशी आहेत. नवव्या वर्षी लग्न, चौदाव्या वर्षी मूल, ते दहा दिवसांत दगावलं, आणि अमेरिकेतून डॉक्टर होऊन आलेल्या आनंदीबाई स्वतः १८८७ मध्ये वयाच्या एकविसाव्या वर्षी गेल्या. एका आयुष्यात साखळीच्या दोन कड्या तुटल्या.

बायका पुरुषांपेक्षा जास्त जगतात, हे आज आपण गृहीत धरतो. जगभर बहुतेक ठिकाणी ते खरंही आहे. पण भारतात ते अगदी अलीकडचं आहे, आणि माझ्या म्हणण्याचा कणा हाच. नमुना नोंदणी पाहणीच्या आकड्यांनुसार १९७६-८० या काळात भारतीय पुरुषाचं सरासरी आयुर्मान ५२.५ वर्षं होतं आणि स्त्रीचं ५२.१. या पाहणीत स्त्री पहिल्यांदा किंचित पुढे गेली ती १९८१-८५ मध्ये: पुरुष ५५.४, स्त्री ५५.७. म्हणजे इंदिरा गांधी पंतप्रधान असताना, घरात रेडिओ आणि शेजारी टीव्ही आल्यानंतर, भारतातली बाई आयुष्याच्या बाबतीत पुरुषाच्या बरोबरीला आली. त्याआधीच्या बायका कमी मायाळू होत्या का? त्या तर आजच्यापेक्षा जास्त त्यागी होत्या, असंच आपण अभिमानाने सांगतो. मग इतका त्याग करूनही त्या आधी का मरत होत्या?

उत्तर त्यागातच आहे. सगळ्यांची पानं उठल्यावर जेवायला बसायचं आणि टोपलीत तळाला उरलेली चतकोर भाकरी, पातेल्याला चिकटलेलं कालवण यावर भागवायचं, ही रीत होती. वर्षानुवर्षं असं जेवणाऱ्या बाईच्या अंगात रक्त किती राहणार? २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीतही महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला, यावरून पन्नास-साठ वर्षांपूर्वीची कल्पना यावी. चुलीपुढे फुंकणी घेऊन सकाळ-संध्याकाळ धूर गिळायचा. ताप आला, अंगावरून जायला लागलं, छातीत गाठ लागली, तरी सांगायचं नाही, दुखणं अंगावर काढायचं. या शेवटच्या गोष्टीचं तर आपल्याकडे विलक्षण कौतुक होतं. कधी कुणाला त्रास दिला नाही, हे बाईच्या पश्चात तिला मिळणारं प्रशस्तिपत्र असतं. तिने दहा वर्षं आधी त्रास दिला असता, तर कदाचित ती आणखी वीस वर्षं जगली असती.

आणि सगळ्यात मोठी जोखीम बाळंतपणाची. भारताच्या आरोग्यव्यवस्थेचा आराखडा आखणाऱ्या भोर समितीने १९४६ च्या अहवालात दर हजार जिवंत जन्मांमागे २० मातामृत्यूंचा अंदाज दिला होता. म्हणजे एका बाळंतपणात पन्नासात एक. हे ऐकायला फार वाटत नाही, पण बाळंतपणं एकावर थांबत नव्हती. आठ बाळंतपणांचा हिशेब केला तर साधारण सात बायकांमागे एक त्यातच जाणार, असं उत्तर येतं. कोंदट खोली, घरातल्याच विळ्याने कापलेली नाळ, त्यातून होणारा धनुर्वात आणि बाळंतरोग. २०१८-२० मध्ये महाराष्ट्रातलं हेच प्रमाण एक लाख जन्मांमागे ३३ वर आलं होतं. भोर समितीचा आकडा लाखाच्या मापात मांडला तर तो दोन हजार होतो. दोन हजारांवरून तेहेतीस. पणजी घरात दिसू लागली ती या उतारामुळे.

हा उतार कुणी घडवला? देवीची लस देत वाड्या-वस्त्या पालथ्या घालणारे लोक, ज्यांच्यामुळे १९७५ मध्ये भारतातून देवीचा रोग गेला. मलेरियाविरुद्धची फवारणी, पेनिसिलिन, धनुर्वाताची सुई, तालुक्याच्या ठिकाणी आलेलं प्रसूतिगृह, सायकलवरून फिरणारी परिचारिका. गडचिरोलीत अभय आणि राणी बंग यांनी गावातल्याच बायकांना शिकवून नवजात बाळांची घरच्या घरी काळजी घेण्याची पद्धत उभी केली आणि १९९९ मध्ये तिचे निष्कर्ष 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आले. साखळीची सगळ्यात नाजूक कडी तिथे सांधली गेली. पिठाच्या गिरणीचं नावही मी याच यादीत घालीन. पहाटे उठून जात्याशी तासन्‌तास बसण्यातून तिने बाईला सोडवलं. मागच्या पिढ्यांनी त्या जात्यावर जे काव्य रचलं त्याचं मोल मोठं आहे, पण दळण संपलं म्हणून हळहळणारी बाई शोधून सापडणार नाही. आणि र. धों. कर्वे. १९२१ मध्ये त्यांनी मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं, त्यापायी नोकरी गमावली, लोकांच्या शिव्या खाल्ल्या. आठ बाळंतपणांची तीन झाली, की जोखीमही तितकीच घटते. घराला पणजी मिळवून देणाऱ्यांमध्ये कर्व्यांचा वाटा कुणाही संत-महंतापेक्षा कमी नाही. गंमत म्हणजे त्यांचे वडील महर्षी कर्वे १०४ वर्षं जगले आणि आपण मराठी माणसं दीर्घायुष्यासाठी वडिलांचं उदाहरण देतो, मुलाचं नाव घेत नाही.

मायेचा आणि आयुष्याच्या लांबीचा संबंध नाही, हे दोन परदेशी बायकांच्या आयुष्यांवरून आणखी स्पष्ट होतं. फ्रान्समधल्या आर्ल गावच्या झान काल्मां १८७५ ते १९९७ अशा १२२ वर्षं जगल्या. हा अधिकृत विक्रम आजही कायम आहे. काही वर्षांपूर्वी त्यावर शंका घेतली गेली, पण बहुतेक लोकसंख्याशास्त्रज्ञांनी ती मान्य केली नाही. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियाच्या सारा नॉस १८८० ते १९९९ अशा ११९ वर्षं जगल्या. दोघींना एकेकच मूल, दोघींना मुलगीच. काल्मांची मुलगी १९३४ मध्ये गेली. तिच्या मुलाला आजीने वाढवलं, तो १९६३ मध्ये अपघातात गेला. त्यानंतरची ३४ वर्षं काल्मांना आपलं म्हणावं असं एकही लेकरू उरलं नव्हतं. सारा नॉस गेल्या तेव्हा त्यांची मुलगी ९६ वर्षांची होती आणि तिच्याखाली नातू, पणतवंडं, असं करत सहाव्या पिढीचं बाळ होतं. पोर वाढवण्यात काल्मां कुठे कमी पडल्या? एकीची साखळी तुटली, दुसरीची टिकली. डेन्मार्कमधल्या जुळ्यांच्या अभ्यासावरून असं दिसतं की, माणसामाणसांच्या आयुर्मानात जो फरक पडतो त्यातला साधारण पाव भाग रक्तातून येतो. बाकी परिस्थिती आणि नशीब.

इथे एक वजनदार आक्षेप येतो आणि तो विज्ञानाकडूनच येतो. माणसाच्या मादीची पाळी पन्नाशीच्या आसपास थांबते आणि तरीही ती पुढे कित्येक वर्षं जगते. प्राण्यांमध्ये ही गोष्ट फार विरळ. किलर व्हेलसारख्या मोजक्या जातींत दिसते. मग हे उत्तरायुष्य कशासाठी? टांझानियातल्या हाड्झा या शिकारी आणि कंदमुळं गोळा करणाऱ्या जमातीत क्रिस्टन हॉक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाहिलं की, म्हाताऱ्या बायका कंद खणण्यात तरुणींच्या तोडीस तोड राबतात, आणि आई तान्ह्या मुलात गुंतली की मोठ्या भावंडांचं पोट आजीच्या कंदांवर चालतं. त्यातून आजीचा सिद्धान्त आला: नातवंडं जगवणाऱ्या आज्यांमुळेच माणसाला लांब आयुष्य मिळालं. २००४ मध्ये 'नेचर'मध्ये आलेल्या अभ्यासात फिनलंड आणि कॅनडातल्या अठराव्या-एकोणिसाव्या शतकांतल्या चर्चच्या नोंदी तपासल्या होत्या. पन्नाशीनंतर बाई जितकी दशकं जगली, तितकी दर दशकामागे सरासरी दोन नातवंडं तिला जास्त मिळाली. मग माया आयुष्य वाढवते, हे खरंच की!

हा आक्षेप मी उडवून लावत नाही, पण तो काय सांगतो ते बारकाईने वाचायला हवं. आजीच्या राबण्याने नातवंडं जगली, हे तो सांगतो. अमुक आजी जास्त मायाळू होती म्हणून जास्त जगली, असं तो सांगत नाही. लक्षावधी वर्षांत एका जातीच्या घडणीचं जे झालं, ते एका बाईच्या पुण्याईच्या खात्यावर जमा करता येत नाही. शिवाय या संशोधनाचा पुढचा भाग आपण सोयीने विसरतो. फिनलंडच्याच नोंदींवर २०१९ मध्ये आलेल्या अभ्यासात पन्नास ते पंचाहत्तर वयाची आईची आई घरात असण्याचा दोन ते पाच वर्षांच्या मुलांना स्पष्ट फायदा दिसला. पंचाहत्तरीपुढची वडिलांची आई मात्र तान्ह्या बाळाला लाभाऐवजी तोट्याची ठरली, बहुधा घराला आता तिचीच काळजी घ्यावी लागत होती म्हणून. जर्मनीतल्या क्रुमहर्न भागाच्या जुन्या नोंदींत तर सासू घरात असली की मृत जन्म आणि पहिल्या महिन्यातले बालमृत्यू वाढलेले दिसतात. मराठी वाचकाला याचं फारसं आश्चर्य वाटणार नाही. सांगायचा मुद्दा असा की, निसर्गाच्या हिशेबात आजीला जागा आहे, पणजीला नाही. ऐंशी-नव्वदीतली बाई कुणाचं पोट भरण्यासाठी जगत नाही. ती सर्वस्वी माणसाच्या संस्थांची, औषधांची आणि धान्याच्या भरलेल्या कोठारांची निर्मिती आहे. यात उणेपणा कसला? उपयोग संपल्यावरही माणसाला जगू देणं, ही समाजाने निसर्गावर केलेली मात आहे.

काळजी घेणारा जास्त जगतो, असंही एक संशोधन पुढे केलं जातं. बर्लिनमधल्या सत्तरीपुढच्या लोकांच्या दीर्घकालीन पाहणीत, नातवंडांना अधूनमधून सांभाळणाऱ्या आजी-आजोबांचं आयुष्य न सांभाळणाऱ्यांपेक्षा जास्त निघालं. हे २०१७ मध्ये प्रसिद्ध झालं. यातला अधूनमधून हा शब्द गाळून चालणार नाही. नातवंडांची पूर्ण जबाबदारी ज्यांच्यावर होती, ते या अभ्यासात धरलेच नव्हते. आपल्याकडची आजी आठवड्यातून एकदा नातवाला बागेत नेत नाही. सकाळच्या डब्यापासून रात्रीच्या दुधापर्यंत ती कामाला जुंपलेली असते. २०१९ च्या भारत सरकारच्या वेळ-वापर पाहणीत घरकाम करणाऱ्या बायका दिवसाला सरासरी २९९ मिनिटं विनामोबदला घरकामात घालवताना आढळल्या, आणि घरकाम करणारे पुरुष ९७ मिनिटं. थोडी जबाबदारी माणसाला उभं ठेवते, तीच अंगावर लादली की कंबर मोडते. या दोन्हींना आपण एकच नाव देतो, तिथे घोळ होतो.

राहता राहिली ज्वारीची भाकरी, गाईचं तूप आणि मोकळी हवा. जुनं खाणं भक्कम होतं, म्हणून जुनी माणसं टणक, हे विधान लग्नाच्या पंगतीपासून मोबाईलवरच्या संदेशांपर्यंत सगळीकडे ऐकू येतं. ते करणारे एक विसरतात: आपल्याला दिसते ती फक्त तगलेली पणजी. तिच्याबरोबर तीच भाकरी खाऊन, तीच हवा घेऊन मोठ्या झालेल्या आणि विशीत-तिशीत गेलेल्या तिच्या बहिणी, जावा, मैत्रिणी आपल्यासमोर उभ्या राहून साक्ष देऊ शकत नाहीत. वयाच्या आकड्यांवरही जपूनच विश्वास ठेवावा लागतो. २०११ च्या जनगणनेत भारतात शंभरी ओलांडलेले सहा लाखांहून जास्त लोक नोंदले गेले, आणि हा आकडा फुगलेला आहे असं जाणकार मानतात. यात लबाडी नाही. एका पिढीतल्या असंख्य मराठी माणसांचा वाढदिवस गुरुजींच्या कृपेने १ जूनला येतो. जी बाई शाळेतच गेली नाही, तिला तेवढीही तारीख मिळाली नाही. तिचं वय पानशेतच्या पुराच्या वेळी थोरला किती महिन्यांचा होता, कोयनेचा भूकंप झाला तेव्हा कितवी खेप होती, यावरून काढायचं. आर्लच्या नगरपालिकेत काल्मांच्या जन्माची नोंद होती म्हणून त्यांचा विक्रम टिकला.

आता मूळ गणिताकडे वळू, कारण त्यातून निघणारी गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. आज घरात जी पणजी आहे ती साधारण १९३५ ते १९४५ च्या दरम्यान जन्मलेली. शारदा कायद्याने १९२९ मध्ये मुलीच्या लग्नाचं किमान वय १४ केलं, १९४९ मध्ये ते १५ झालं, आणि १८ व्हायला १९७८ उजाडलं. त्यामुळे तिचं लग्न सोळा-सतराव्या वर्षी झालं, पहिलं मूल अठराव्या वर्षी. तिच्या मुलीचंही लवकर झालं, नातीचं जरा उशिरा. पिढ्यांमधलं अंतर जुन्या काळाचं राहिलं आणि औषधं नव्या काळाची मिळाली. दोन काळ एकमेकांवर चढले तेवढ्या फटीतून ही पणजी आपल्यापर्यंत पोचली. लवकर लग्न हा तिच्यावरचा अन्याय होता, तिचं शिक्षण त्याने हिरावलं, आणि चौथी पिढी पाहण्याचं सुख तिला त्याच अन्यायामुळे मिळालं. ही कडू बाजू कौतुकाच्या भाषणांत येत नाही. फट आता बुजते आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रात एका स्त्रीमागे सरासरी मुलं १.७ वर आली होती आणि शहरांतल्या अनेक घरांत पहिलं मूल तिशीच्या आसपास होऊ लागलं आहे. तीन पिढ्या तिशीत आई होत गेल्या तर पणजी व्हायला नव्वदी गाठावी लागेल.

मग मायेचं काहीच नाही का, असं कुणी रागावून विचारील. आहे, पण तिची जागा वेगळी. तिने जे केलं ते काम होतं: स्वयंपाक, पाणी, दळण, शेण, बाळंतपणं निस्तरणं, आजाऱ्याची उशापायथ्याला बसून सेवा. त्याला नुसतं वात्सल्य म्हटलं की मजुरी बुडते. काम म्हटलं की देणं निघतं. आणि या देण्याच्या बाबतीत आपला समाज भाषणाला पुढे आणि हिशेबाला मागे आहे. वृद्धापकाळ निवृत्तिवेतनात केंद्र सरकारचा वाटा ऐंशीपर्यंत महिना २०० रुपये आणि ऐंशीनंतर ५००. राज्याच्या श्रावणबाळ योजनेतून गरीब घरातल्या वृद्धांना महिना १,५०० मिळतात. पंचाहत्तरीनंतर एसटीचा प्रवास फुकट आहे, पण गुडघे धरलेल्या बाईला लाल डब्याची पायरी चढवायला कुणी नसतं. आई-वडील व ज्येष्ठ नागरिकांच्या चरितार्थाच्या २००७ च्या कायद्यात मुलं या व्याख्येत मुलगा, मुलगी, नातू आणि नात बसतात. पणतवंडं त्या यादीत नाहीत. कायदा करणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे घर तीन पिढ्यांचंच होतं. चार पिढ्यांच्या घरातली खरी अडचण तर अजून कुणाच्या ध्यानातही आलेली नाही. अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या पणजीला उचलून बसवणारी तिची सून स्वतः अडुसष्ट वर्षांची असते, तिलाही साखर आणि रक्तदाब असतो, आणि ती एकाच वेळी सासूची शुश्रूषा करते आणि नातवाचं पोर सांभाळते. पणजीच्या कौतुकाच्या सोहळ्यात सोन्याची फुलं उधळली जात असताना ही बाई बहुधा आत स्वयंपाकघरात असते.

काल्मांच्या बाबतीतली एक गोष्ट इथे मुद्दाम सांगण्यासारखी आहे. नव्वदाव्या वर्षी, १९६५ मध्ये, त्यांनी आपलं राहतं घर एका वकिलाला विकलं, अशा कराराने की त्या हयात असेपर्यंत घरात राहतील आणि त्याने दरमहा ठरलेली रक्कम द्यायची. वकील १९९५ मध्ये गेला, मग त्याची बायको पैसे देत राहिली. यातला विनोद सगळ्या जगाने चघळला. माझं लक्ष मात्र दुसरीकडे जातं: घर बाईच्या नावावर होतं. कुणी वारस उरला नसतानाही तिला शेवटपर्यंत कुणापुढे हात पसरावा लागला नाही. आपल्याकडे पणतवंडांनी भरलेल्या घरातल्या किती बायकांना असं म्हणता येईल?

तेव्हा ज्यांच्या घरात पणजी आहे त्यांना एवढीच विनंती. सातबाऱ्यावर किंवा घराच्या उताऱ्यावर तिचं नाव आहे का, ते पाहा. तिचं बँकेचं पुस्तक कुणाच्या कपाटात आहे ते पाहा, आणि ते तिच्या हातात द्या. मोतीबिंदू पिकायची वाट न पाहता डोळे दाखवा, कान तपासून यंत्र बसवा, न्हाणीघरात धरायला दांडी आणि घसरणार नाही अशी फरशी घाला, कारण या वयात एकदा खुब्याचं हाड मोडलं की माणूस पुन्हा उभं राहील याची खात्री नसते. दुपारच्या जेवणाला तिचं ताट सगळ्यांच्या आधी वाढा. आणि जी सून तिचं सगळं करते, तिला आठवड्यातून दोन दिवस तरी पूर्ण सुट्टी द्या. ते दोन दिवस घरातल्या पुरुषांनी वाटून घ्यावेत.